जागा एकाची, कामं चौघांची

३ ऑक्टोबर १९९९ रोजी डेन्व्हर ब्रॉन्कोज आणि न्यूयॉर्क जेट्स यांचा सामना डेन्व्हरमध्ये चालू होता. ब्रॉन्कोजचा क्वार्टरबॅक ब्रायन ग्रीसी याने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने मधेच झेलला आणि तो घेऊन उलट्या दिशेला पळणाऱ्या खेळाडूला अडवायला टेरेल डेव्हिस धावला. एरवी इतरांनी त्याला अडवायचं आणि त्याने निसटायचं, असा त्याचा खेळ. त्या एका गडबडीत त्याच्या उजव्या गुडघ्यावर जोराचा आघात झाला आणि आतले दोन अस्थिबंध फाटले. आदल्या हंगामात या माणसाने २,००८ यार्डांची मजल मारली होती. एका हंगामात दोन हजारांचा पल्ला ओलांडणारा तो अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधला चौथाच खेळाडू. त्याच्या जोरावर संघाने लागोपाठ दोनदा सुपर बोल जिंकला होता. त्याला मैदानाबाहेर नेलं आणि ब्रॉन्कोजपुढे प्रश्न उभा राहिला तो दर हंगामात कुठल्या ना कुठल्या संघापुढे येतोच: आता याच्या जागी कोण?

माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो. ‘याच्यासारखा धावणारा दुसरा कोण’ असं विचारलं की उत्तर यार्डांत शोधलं जातं, आणि यार्ड हा रनिंग बॅकच्या कामातला सगळ्यात लवकर भरून निघणारा भाग आहे. भरून निघत नाहीत ती त्याची बाकीची कामं: क्वार्टरबॅकचं रक्षण, पास झेलणं, गोलरेषेजवळच्या गर्दीत दोन यार्ड रेटून मिळवणं. म्हणून पर्यायी खेळाडू निवडताना आधी ही कामं मोजावीत, ती दोघातिघांत वाटावीत, आणि हे वाटप दुखापत होण्याच्या आधी करून ठेवावं. ज्या संघांनी हे केलं ते सावरले. ज्यांनी केलं नाही, त्यांना यार्ड मिळत राहिले आणि सामने मात्र हातचे गेले.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शंभर यार्डांचं मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्या चार. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. पुढे पाच धिप्पाड लाइनमन असतात. त्यांनी समोरच्यांना बाजूला सारून फट पाडायची आणि रनिंग बॅकने तिच्यातून निघायचं. चार यार्ड मिळाले तर चाल बरी, पाच मिळाले तर उत्तम. प्रत्येक चालीच्या शेवटी शंभर-सव्वाशे किलोची दोनतीन माणसं अंगावर येऊन आदळतात, आणि असं हंगामात तीनशेहून जास्त वेळा घडू शकतं. या जागेवर दुखापत ही अपवादाने येणारी आपत्ती नाही. ती गृहीतच धरावी लागते.

डेव्हिस गेल्यावर डेन्व्हरने पुढे आणला ओलँडिस गॅरी. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौथ्या फेरीत घेतलेला हा नवखा मुलगा डेव्हिसच्याच जॉर्जिया विद्यापीठातून आला होता. बारा सामन्यांत त्याने १,१५९ यार्ड काढले. पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, सेंट लुइसमध्ये, त्याचाही गुडघा गेला. त्याच सामन्यात परतलेल्या डेव्हिसला पुन्हा दुखापत झाली. मग आला माइक अँडरसन. सहाव्या फेरीत निवडलेला, त्याआधी चार वर्षं मरीन सैनिक म्हणून नोकरी केलेला आणि शाळेत असताना फुटबॉल न खेळलेला. त्याने त्या हंगामात १,४८७ यार्ड काढले. ३ डिसेंबर २००० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये एकाच सामन्यात २५१ यार्ड काढले आणि चारदा चेंडू गोलरेषेपार नेला, म्हणजे चार टचडाउन केले. नवख्या खेळाडूचा तो तेव्हाचा विक्रम ठरला. २००२ मध्ये क्लिंटन पोर्टिस आला आणि दोन्ही हंगामांत दीड हजारांच्या पुढे गेला. तो गेल्यावर २००४ मध्ये रूबेन ड्रॉन्स नावाच्या, आधी बहुतेक फुलबॅक म्हणून वापरलेल्या खेळाडूने १,२४० यार्ड काढले. सहा वर्षांत चार माणसं आली आणि चौघांनीही हजार ओलांडले. डेव्हिस स्वतःही १९९५ च्या सहाव्या फेरीतला, १९६ व्या क्रमांकावर निवडलेला.

यामागे प्रशिक्षक माइक शॅनहन आणि लाइनमनचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स गिब्स यांनी घट्ट बसवलेली एक पद्धत होती. लाइनमनने ठरावीक माणूस धरण्याऐवजी ठरावीक जागा धरायची. चेंडू हलला की पाचही जण एकाच दिशेला, एकाच लयीत तिरकं पाऊल टाकतात. शेजारशेजारचे दोघे समोरच्या एका भक्कम बचावपटूला मिळून रेटतात आणि तो हलला की त्यांतला एक जण त्याला सोडून लाइनबॅकरकडे, म्हणजे मागच्या फळीतल्या बचावपटूकडे, निघतो. बचावफळी आडवी ओढली जाते, ताणली जाते आणि कुठेतरी फाटते. नेमकी कुठे, ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. रनिंग बॅकने कडेच्या दिशेने धावत ते पाहायचं, एक पाय रोवायचा, एकदाच वळायचं आणि सरळ घुसायचं. नाचायचं नाही, मागे फिरायचं नाही, दुसरं वळण घ्यायचं नाही. सेंटर टॉम नेलन आणि त्याच्या शेजाऱ्यांना वर्षानुवर्षं ही पावलं एकत्र टाकण्याची सवय होती. फट पाडणारे तेच राहिले, फक्त तिच्यातून जाणारा बदलला. पोर्टिसचंच पाहा. डेन्व्हरमध्ये दोन्ही हंगामांत त्याने दर धावेला सरासरी ५.५ यार्ड काढले. २००४ मध्ये तो वॉशिंग्टनला गेला आणि पहिल्याच हंगामात सरासरी ३.८ वर आली. पाय तेच होते, वयही जेमतेम तेवीस.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. जर सगळं पद्धतीचंच होतं, तर डेव्हिस गेला त्या वर्षी डेन्व्हर १४-२ (चौदा विजय, दोन पराभव) वरून थेट ६-१० वर का घसरलं? त्या वर्षी इतरही पडझड झाली होती. क्वार्टरबॅक जॉन एल्वे निवृत्त झाला होता, पास झेलणारा शॅनन शार्प बहुतेक हंगाम दुखापतीने बाहेर होता. त्यामुळे सगळा दोष एका गुडघ्यावर टाकता येत नाही. पण आकड्यांकडे डोळसपणे पाहिलं तर गॅरीने डेव्हिसची जागा पूर्ण भरली, असंही म्हणता येत नाही. १९९८ मध्ये डेव्हिसची सरासरी दर धावेला ५.१ होती, गॅरीची ४.२. एका चालीत एक यार्डाहून कमी फरक. पण चार संधींत दहा यार्ड गाठायचे असतात तेव्हा तो एक यार्ड क्वार्टरबॅकसमोर अवघड तिसरी संधी ठेवतो की सोपी, हे ठरवतो. ड्रॉन्सचं उदाहरण तर पद्धतीवाद्यांना थेट अडचणीत आणणारं आहे. तो २००५ मध्ये क्लीव्हलंडला गेला आणि तिथेही १,२३२ यार्ड काढून बसला. म्हणजे तो केवळ डेन्व्हरच्या लाइनमनांची निर्मिती नव्हता. त्याच्याकडे स्वतःचं काही होतं, आणि फुलबॅक म्हणून वापरला जात असताना त्याच्याकडे कुणी नीट पाहिलं नव्हतं.

म्हणून मी ‘रनिंग बॅक कुणीही चालतो’ या पंथाचा नाही. धावण्याच्या गुणवत्तेत फरक असतो, पण चांगल्या लाइनमनांच्या मागे तो फरक आक्रसतो, एवढंच माझं म्हणणं. अलीकडच्या काळात याची दुहेरी परीक्षा सेक्वॉन बार्कलीने दिली. २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडे त्याची सरासरी ३.९ होती. २०२४ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला आणि ५.८ च्या सरासरीने २,००५ यार्ड काढले. ईगल्सनी सुपर बोल जिंकला. त्याच्या जागी जायंट्सनी पाचव्या फेरीतला नवखा टायरोन ट्रेसी वापरला. त्याची सरासरी ४.४, म्हणजे बार्कलीच्या आदल्या वर्षीपेक्षा चांगलीच. इथवर पद्धतीचा विजय. पण ईगल्सचा आदल्या वर्षीचा धावक डिआन्ड्रे स्विफ्ट जवळपास त्याच नामांकित लाइनमनांच्या मागे ४.६ च्या सरासरीने १,०४९ यार्डांवर थांबला होता. उरलेलं अंतर बार्कलीचं स्वतःचं आहे, आणि ते मान्य न करणं अप्रामाणिकपणाचं होईल. असा खेळाडू जखमी झाला तर त्याचं ते जादा अंतर कुणीच भरून देणार नाही. संघाच्या हातात उरतं ते एवढंच, की त्याच्याबरोबर बाकीची कामंही कोसळू नयेत.

ती बाकीची कामं कोणती, हे एका चालीपुरतं जवळून पाहू. तिसरी संधी, आठ यार्ड हवेत. सगळ्यांना ठाऊक आहे की आता चेंडू फेकला जाणार. रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या बाजूला, दोन हातांच्या अंतरावर उभा. समोर दोन लाइनबॅकर पुढेमागे होत आहेत. एक येणार, दोघे येणार, की दोघेही शेवटच्या क्षणी मागे सरकणार, ते कळू देत नाहीत. चेंडू हलतो. रनिंग बॅकने आधी आतल्या बाजूला पाहायचं, कारण मधून येणारा सगळ्यात लवकर पोहोचतो; तिथे कुणी नसेल तर मग बाहेर. हे सगळं एका श्वासात. एकशे दहा किलोचा माणूस पाच पावलांची धाव घेऊन येतो आणि त्याच्यापेक्षा पंधरा-वीस किलोंनी हलक्या माणसाने त्याच्या छातीत हात रोवून त्याला तिथेच थोपवायचं, म्हणजे क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळतात. चुकीच्या माणसाकडे पाहिलं तर संघाचा सगळ्यात महागडा खेळाडू पाठीवर आपटतो. या कामाला आकडेवारीच्या तक्त्यात रकाना नाही. पण प्रशिक्षक नवख्या मुलाला तिसऱ्या संधीला मैदानाबाहेर का बोलावतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक जखमी झाला की त्याच्या बदली खेळाडूची फलंदाजी सगळे पाहतात. पण त्याला झेल सोडायचे नसतील तर आधी ग्लोव्हज नीट घालता आले पाहिजेत. तसंच हे.

यार्ड भरून निघतात, ही कामं निघत नाहीत, याचा पुरावा योगायोगाने शॅनहन घराण्यातच सापडतो. माइक शॅनहनचा मुलगा काइल २०१७ पासून सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचा प्रशिक्षक आहे आणि वडिलांच्या त्याच पद्धतीवर त्याने नवी इमारत बांधली. तिथेही तोच अनुभव आला. जानेवारी २०२० मध्ये, ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध सुपर बोलचं तिकीट ठरवणाऱ्या सामन्यात टेव्हिन कोलमन खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला. ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेल्या आणि अनेक संघांनी सोडून दिलेल्या रहीम मोस्टर्टने त्या दिवशी २२० यार्ड आणि चार टचडाउन केले. क्वार्टरबॅकने सबंध सामन्यात फक्त आठ वेळा चेंडू फेकला. २०२१ च्या पहिल्या सामन्यात मोस्टर्ट दुसऱ्याच धावेला जखमी झाला, तर सहाव्या फेरीतल्या एलायजा मिचेलने हंगामात ९६३ यार्ड काढले. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत, म्हणजे जास्त किंमत मोजून घेतलेला ट्रे सर्मन त्या पहिल्या सामन्याच्या यादीतही नव्हता.

मग दुसरा आक्षेप, सगळ्यात वजनदार. धावक इतक्या स्वस्तात मिळत असतील, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये याच संघाने ख्रिश्चन मॅकॅफ्रीसाठी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या फेरीतल्या निवडी कॅरोलायनाला का देऊन टाकल्या? कारण त्यांना धावक नको होता. तो त्यांच्याकडे होताच. त्यांना हवा होता तो एका जागी उभा राहून चार कामं करणारा माणूस. मॅकॅफ्रीने २०१९ मध्ये एकाच हंगामात धावून हजार आणि झेलून हजार यार्ड पूर्ण केले होते. त्याच्याआधी हे फक्त रॉजर क्रेग आणि मार्शल फॉक यांना जमलं. नव्या संघात येऊन दहा दिवस झाले नाहीत तोच त्याने लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध एकाच सामन्यात एक टचडाउन फेकून, एक धावून आणि एक झेलून केला. तो मैदानात असला की प्रतिस्पर्ध्याला पुढची चाल धावेची की पासची, हे त्याच्याकडे पाहून ओळखता येत नाही. संघाने किंमत मोजली ती या संदिग्धतेची.

आणि म्हणूनच २०२४ चा हंगाम इतका बोलका आहे. पोटरी आणि टाचेच्या दुखण्याने मॅकॅफ्री पहिले आठ सामने बाहेर होता. ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला जॉर्डन मेसन पहिल्याच रात्री जेट्सविरुद्ध २८ धावांत १४७ यार्ड काढून मोकळा झाला. हंगामअखेर त्याची सरासरी ५.२ होती, आदल्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक यार्ड काढणाऱ्या मॅकॅफ्रीपेक्षा ती फारशी वेगळी नव्हती. १ डिसेंबरला बफेलोच्या बर्फात मॅकॅफ्रीचा गुडघा आणि मेसनचा घोटा एकाच सामन्यात गेले. पुढच्या रविवारी आयझॅक गुरेंडो या नवख्याने शिकागोविरुद्ध दोन टचडाउन केले. मग तोही दुखावला आणि पॅट्रिक टेलरची पाळी आली. धावायला प्रत्येक वेळी कुणीतरी मिळालं. तरी आदल्या वर्षी सुपर बोलपर्यंत पोहोचलेला संघ ६-११ वर संपला. पास झेलणारा ब्रँडन आयुक आणि लाइनमन ट्रेंट विल्यम्स यांच्या दुखापतींचा त्यात मोठा वाटा आहे. सगळं मॅकॅफ्रीच्या खात्यावर लिहिणं बरोबर नाही. पण मेसन मैदानात आला की चाल बहुधा धावेची, हे समोरच्यांना दिसत होतं. सबंध हंगामात त्याच्या हाती आलेले पास बोटांवर मोजण्याइतके. यार्ड भरून निघाले, संदिग्धता निघाली नाही.

याच्या उलट उदाहरण क्लीव्हलंड ब्राउन्सचं. १८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री पिट्सबर्गमध्ये निक चबचा गुडघा इतका वाईट मोडला की प्रक्षेपणात ती चाल पुन्हा दाखवली गेली नाही. चबची कारकिर्दीतली सरासरी तोवर ५.३ होती, आणि तिच्या जवळपास जाणारा कुणी क्लीव्हलंडकडे नव्हता. त्यांनी तसा शोधलाही नाही. दोन दिवसांत करीम हंटला परत बोलावलं, कारण त्याला संघाची भाषा आणि चाली आधीच येत होत्या. लांबच्या धावा आणि पास जेरोम फोर्डकडे, गोलरेषेजवळची रेटारेटी हंटकडे. फोर्डची सरासरी ४.०, हंटची जेमतेम ३.०. वरवर पाहता हे आकडे निराशाजनक आहेत, पण त्या तीनच्या सरासरीत नऊ टचडाउन आहेत. संघ ११-६ वर पोहोचला. भक्कम बचाव आणि डिसेंबरात खेळायला लागलेला क्वार्टरबॅक जो फ्लॅको यांचं श्रेय मोठं आहे, हे खरंच. तरीही एका माणसाची कामं वेगळी काढून दोघांत नीट वाटली, की धावण्यातली घट संघाला सोसवते, हे तिथे दिसलं.

यावर प्रशिक्षक म्हणतील, हे कागदावर ठीक आहे. सरावाला वेळ कुठे आहे? मुख्य यादीत ५३ माणसं, त्यांत रनिंग बॅक तीन किंवा चार. आठवड्याचा सराव मोजका, आणि २०११ च्या करारापासून पूर्ण पॅड घालून करायचे सराव हंगामात चौदावर आलेले. त्यातल्या बहुतेक चाली पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूलाच मिळतात, कारण रविवारी खेळायचं असतं त्याने. अडचण खरी आहे. पण सामन्यातच मुख्य धावकाची पाचसहा कामं आधीपासून दुसऱ्याला देऊन ठेवली, तर सरावाची उणीव तिथे भरून निघते. शिवाय राखीव धावक संघात टिकतो तो किकच्या वेळी धावत जाऊन अडवण्याच्या कामावर, आणि प्रशिक्षकाने तिथेही लक्ष ठेवायला हवं. खुद्द डेव्हिस १९९५ मध्ये नजरेत भरला तो टोकियोतल्या एका सराव सामन्यात, किक घेऊन येणाऱ्या खेळाडूला आडवं करून. धाव काढायची संधी त्याला त्यानंतर मिळाली.

दुसरं म्हणणं असं की उत्तम धावकाला चालींमागून चाली दिल्या की त्याचा हात बसतो, वाटून दिल्या की लय तुटते. यात तथ्य आहे, पण त्याची किंमतही मांडली पाहिजे. १९९७ मध्ये डेव्हिसने नियमित हंगामात ३६९ आणि बाद फेरीत ११२ धावा काढल्या. पुढच्या वर्षी ३९२ आणि ७८. दोन वर्षांत साडेनऊशे वेळा तो त्या गर्दीत घुसला. पहिल्या चार हंगामांत त्याचे ६,४१३ यार्ड झाले. १९९९ पासूनच्या तीन हंगामांत मिळून तो सतराच सामने खेळू शकला आणि तिशीच्या आत निवृत्त झाला. १९९९ चा तो आघात अपघाती होता, थकव्याने झाला असं मी म्हणणार नाही. पण भार वाटला असता तर त्या शरीरातली आणखी काही वर्षं शिल्लक राहिली असती, असं मानायला जागा आहे. ‘बदली मिळतोच’ या समजाचा सगळ्यात मोठा घाव खेळाडूंवर बसतो. २०२३ च्या जुलैत बार्कली, जॉश जेकब्स आणि टोनी पोलार्ड या तिघांनाही दीर्घ करार नाकारले गेले, तेव्हा रनिंग बॅक मंडळींनी आपापसात चर्चा करायला ऑनलाइन बैठक घेतली. ती बोलावण्यात पुढाकार होता ऑस्टिन एकेलरचा, आणि तीत निक चबही होता. दोन महिन्यांनी पिट्सबर्गमध्ये पडला तो हाच चब. यार्डांपलीकडची कामं संघांनी नीट मोजली, तर राखीव खेळाडूची निवड सुधारेलच, पण पहिल्या खेळाडूच्या मोबदल्याचा हिशेबही जास्त न्याय्य होईल.

मेसनचं पुढे काय झालं, ते या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. मार्च २०२५ मध्ये फोर्टीनायनर्सनी त्याला मिनेसोटा व्हायकिंग्सकडे सोपवलं आणि तिथे त्याला दोन वर्षांचा करार मिळाला. तीन वर्षं संघाच्या चाली अंगात मुरलेला, मॅकॅफ्रीच्या गैरहजेरीत पडताळून पाहिलेला माणूस गेला, कारण गुरेंडो आहे आणि धावक मिळतात, असा भरवसा होता. ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर आला असताना, त्याच संघाने ड्राफ्टमधली आणखी एक निवड देऊन वॉशिंग्टनकडून ब्रायन रॉबिन्सनला घेतलं. पुढच्या दोन आठवड्यांत त्याला चाली, खुणा आणि समोरून येणाऱ्या लाइनबॅकरपैकी कुणाला धरायचं याचे नियम पाठ करायचे होते.